दोन म्हातारी मांजरं आणि बंगळूरचा रस्ता

मांजर घराचं की माणसाचं, हा प्रश्न भोर-वेल्ह्याकडं कुणाला विचारून उपयोग नाही. उत्तर ठरलेलं आहे. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. निवृत्तीनंतर मुलाकडं निघालेली माणसं भांडी नेतात, पलंग नेतात, देव तर आधी नेतात, आणि मांजर शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवून जातात. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

भाटघरच्या एका घरात मात्र या ठरलेल्या उत्तरावरून चांगलंच वाजलं. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उभी नोकरी धरण आणि नीरेचे कालवे यांच्यावर काढलेली. आता मामीसह मुलाकडं बंगळूरला कायमचं जायचं आहे, घराचा सौदा झाला आहे. भाची शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली, आता पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. घरात मनी आहे, १५ वर्षांची, आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान एक बोका, ज्याला ‘बोक्या’पलीकडं नाव कधी मिळालंच नाही. मी शेजारी. ओसरीवर बसलो होतो आणि मला दोघांचंही पटत होतं, ही माझी अडचण.

मामा : अगं, तू डॉक्टर असशील, पण मांजर आम्हीही पाहिलंय. पूर्वी दुधावर टपणारं मांजर लोक पोत्यात घालून पुलापलीकडं सोडून यायचे. दोन दिवसांनी पाहावं तर दारात हजर! पोत्यात डोळ्यांना काही दिसत नसताना त्याला वाट कळते. आणि तू म्हणतेस, घर महत्त्वाचं नाही?

भाची : परत येतात हे खरंच आहे, मामा. फ्रान्सिस हेरिक नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १९२२ साली यावर निबंधच लिहिला. एका मांजरीला तिच्या पिल्लांपासून तोडून एक ते तीन मैल लांब सोडलं, ती परत आली. पण ती कशाकडं परत आली? घराकडं की पिल्लांकडं?

मामा : पिल्लं घरातच होती ना?

भाची : होती. म्हणून तर त्या प्रयोगातून तुमचंही सिद्ध होत नाही आणि माझंही. पण मामी काय म्हणते ते ऐका. मांजरीची पिल्लं सात घरं फिरतात. जो प्राणी जन्मल्यापासून बिऱ्हाडं बदलतो, तो घराला चिकटलेला कसा?

मामा : ती स्वतःच्या तोंडात धरून नेते. कुठल्या माळ्यावर जायचं, कुणाच्या गवताच्या गंजीत, ते ती ठरवते. टेम्पोवाला ठरवत नाही.

हा डाव मामांचा. भाचीनं तो मान्य केला नाही, पण उत्तरही दिलं नाही. धरणाकडं हात करून तिनं विषय फिरवला.

भाची : ब्रिटिशांनी हे धरण बांधलं, वेळवंडीच्या खोऱ्यातली जमीन, वस्त्या पाण्याखाली गेल्या. माणसं वर सरकली. त्यांची मांजरं घराची होती म्हणून चुलीपाशी बसून राहिली का?

मामा : पाणी काही एका रात्रीत आलं नाही. पाणी जसं चढतं तसं जित्राब मागं मागं सरकतं. उंबऱ्याला लागलं की गोठ्यात, गोठ्याला लागलं की माळावर. मला विचारशील तर मांजराला न्यायचं तर तशा चालीनं न्यावं. तू म्हणतेस, दोन दिवसांत ८०० किलोमीटर!

इथं मला मामांच्या नोकरीचं कौतुक वाटलं. भाटघर म्हटलं की बाहेरच्या माणसाला साडेतेवीस टीएमसीचा आकडा आठवतो, गव्हर्नर लॉइडचं नाव आठवतं, फार तर येसाजी कंक जलाशय हे आताचं नाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं कर्महरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, ते पाहायला पुण्याहून गाड्या येतात. पाणी किती सावकाश चढतं आणि त्याच्यापुढं जीव कसा सरकतो, हे मात्र पट्टीवरची पातळी रोज वहीत मांडणाऱ्यालाच सुचतं. आणि सावकाशीची गोष्ट मामांनी न्यायचंच नाही म्हणून सांगितली असली, तरी पुढं ती भाचीच्याच कामी आली.

मामा : मी काही त्यांना रस्त्यावर सोडत नाही. हे शेजारी आहेत ना! रोज दूध-भाकरी घालतील. जागा तीच, ऊन तेच, शेवग्याचं झाड तेच. आम्ही नसू एवढंच.

मी मान डोलावली. मला दोन मांजरांना दूध-भाकरी घालणं जड नव्हतं.

भाची : काका, मनी दिवसातून पाणी किती पिते?

मी : पिते की. तहान लागली की पिते.

भाची : कुठं?

मला सांगता आलं नाही. उत्तर आतून मामीनं दिलं. मनी वाटीतलं पाणी तोंडात घेत नाही. मोरीत तांब्याचं जुनं घंगाळ आहे, त्यावर नळ थेंब थेंब गळतो, मामांनी तो वर्षानुवर्षं दुरुस्त केलेला नाही. मनी घंगाळाच्या काठावर पुढचे पाय ठेवून तिथंच पिते. हल्ली रात्रीतही दोनदा उठते. आधी काठावर उडी मारायची, आता मामीनं खाली पाट ठेवला आहे.

भाची : ऐकलंत? जास्त पाणी, जास्त लघवी, अंग उतरलेलं. मूत्रपिंडं थकली आहेत, गेल्या तपासणीत रक्तात दिसलंच होतं. पाट ठेवावा लागतो कारण गुडघे, कंबर दुखतात. अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले होते, २००२ साली छापून आलं. ९० मांजरांच्या सांध्यांत नाहीतर मणक्यात झीज होती. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, फक्त उडी मारायचं सोडतं. हे शेजारी चांगले आहेत, पण उडी बंद झाली हे त्यांना कसं कळणार? आणि दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. ज्या मांजराच्या अंगात आधीच पाणी टिकत नाही, त्याला जुलाब म्हणजे काय होईल ते सांगायला नको.

मामा : म्हणजे ठेवलं तर आम्ही कसाई.

भाची : तसं कुठं म्हणाले? कायदा मात्र म्हणतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे, उपासमार-तहान होईल अशा स्थितीत विनाकारण जनावर टाकून देणं ही क्रूरता.

मामा : शिक्षा?

भाची : पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड.

मामा : पोत्याला याहून जास्त पडतात.

तिघंही हसलो. पण हसणं संपल्यावर मामांनी जे विचारलं ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत खरं वाटलं, आणि त्याला सोपं उत्तर नाही.

मामा : हसण्यावारी नको नेऊ. १५ वर्षांचा जीव, मूत्रपिंडं गेलेली, सांधे गेलेले. त्याला डब्यात कोंडून दोन दिवस हादरवत न्यायचं. ते कुणाच्या समाधानासाठी? मनीच्या की तुझ्या मामीच्या? मांजर टाकलं नाही असं आपल्याला म्हणता यावं म्हणून त्याचे हाल करायचे, हे मला पटत नाही.

भाची : हे तुमचं मी खोडून काढणार नाही. दवाखान्यात मी काही लोकांना ‘नेऊ नका’ असं सांगते. हृदय कमजोर आहे, धाप लागते, थायरॉइड ताब्यात नाही, मूत्रपिंडाचा आजार इतका पुढं गेलाय की खाणंच सुटलंय, अशा मांजराला प्रवासात घालू नये. आधी त्याला स्थिर करावं, महिनाभर थांबावं. नाहीच सुधारलं तर ज्याच्या हातचं ते खातं असं माणूस शोधावं, किंवा शेवट जवळ आला असेल तर तो इथंच, ओळखीच्या जागी, वेदना न होता व्हावा. तेही मी करते.

मामा काही बोलले नाहीत.

भाची : मनी त्या टोकाला नाही. ती खाते, मामीच्या मांडीवर चढते, परवा पालीमागं धावली. बोक्याची तर तब्येत तुमच्यापेक्षा बरी आहे.

मला वाटतं, ‘मांजर घराचं’ हे तरण्या मांजराबद्दल बरंचसं खरं आहे. त्याचं घर म्हणजे चार परसं, दोन गोठे, एक भिंत आणि त्या भिंतीवरून हाकललेला दुसरा बोका. म्हाताऱ्या मांजराचं घर आटत जातं. मनीचं आता घंगाळ, पाट, मामीची गोधडी आणि सकाळी साडेसहाची हाक एवढंच उरलं आहे, आणि यातलं काहीही गाडीत मावतं. हे मी बोललो असतो तर मामा म्हणाले असते, ‘मग तुम्हीच न्या!’ म्हणून गप्प बसलो.

पुढचा तासभर वाद ‘न्यायचं का’वरून ‘कसं न्यायचं’वर आला. मामांनी माघार घेतली असं नाही. कामाची आखणी दिसली की त्यांना राहवत नाही.

मामा : सामानाचा टेम्पो जाणारच आहे. कोंबड्यांचं डालगं आहे माळ्यावर, हवा खेळती राहते. त्यात घालून मागं ठेवलं की झालं.

भाची : डालग्याला तळ नसतो, मामा. टेम्पोनं पहिला गतिरोधक घेतला की डालगं उलटं आणि मांजर कापूरहोळच्या चौकात. आणि कपाटं-सिलिंडरांच्या मागं, उन्हात, एकट्यानं? नाही. माणसांच्या गाडीत, प्रत्येकाला वेगळा पक्का पिंजरा, वरून उघडणारा. म्हातारं मांजर दारातून ओढून काढलं की त्याचे खांदे दुखतात, वरून उचललं की दुखत नाहीत. पिंजरे उद्याच आणून ओसरीत उघडे ठेवायचे, आत मामीची जुनी गोधडी, न धुतलेली. जेवण तिथंच द्यायचं. जायच्या दिवसापर्यंत पिंजरा म्हणजे झोपायची जागा झाली पाहिजे.

मामा : विमान का नको? पुण्याहून दीड तास.

भाची : चालेल. अकासासारख्या कंपनीनं २०२२ पासून केबिनमध्ये मांजर घ्यायला सुरुवात केली, पिंजऱ्यासकट वजनाची मर्यादा ठेवून. मात्र मनीला चालेल, बोक्याला चालेल का ते काट्यावर ठेवल्यावर कळेल. विमानतळावरचा गोंगाट, तपासणीत पिंजऱ्यातून बाहेर काढणं, यात मांजर हातातून सुटलं तर मिळत नाही. रेल्वेत जवळ ठेवायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मी म्हाताऱ्या मांजराला पाठवणार नाही. कापूरहोळला हायवेला लागलं की तोच रस्ता थेट बंगळूरला जातो, तर आपलीच गाडी बरी. पाहिजे तिथं थांबता येतं.

मामा : मग झोपेची गोळी देऊन टाक. धारवाडला जागे होतील.

इथं भाची पहिल्यांदा रागावली. माणसांच्या औषधांतलं एकही मांजराला द्यायचं नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे तिनं मामांना, मला आणि आतल्या मामीला असं तिघांना वेगवेगळं सांगितलं. भीती कमी करायला गॅबापेंटिन देतात, पण मूत्रपिंडं थकलेल्या मांजराला मात्रा कमी लागते, आणि प्रवासाआधी एकदा घरी देऊन पाहायची, म्हणजे ते किती गुंगतं हे समजतं. निघण्याआधी तीन-चार तास थोडंसं खायला, पोट गच्च भरलेलं नको. पण ‘उलटी नको’ म्हणून दिवसभर उपाशीही नको. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठते, विशेषतः अंगानं भरलेलं असेल तर, आणि तेच जिवावर बेतू शकतं. मनीला आदल्या दिवशी कातडीखाली सलाईन. वाटेत ओलं खाणं. गाडीची दारं-काचा बंद असल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही, पेट्रोल पंपावर तर नाहीच.

मामा : घर वैशाखात ताब्यात द्यायचंय.

भाची : वैशाखात? मामा, उन्हात उभी राहिलेली गाडी दहा मिनिटांत भट्टी होते. दिवाळीनंतर नाही जमायचं?

मामा : सौदा झालाय. शब्द दिलाय.

भाची : मग पहाटे तीनला निघा. खंबाटकीची वळणं अंधारात, हळू घ्यायची. ऊन तापायच्या आत कोल्हापूर मागं टाकायचं. दुपारच्या आत धारवाड, तिथं मुक्काम. मांजर चालतं का हे हॉटेलला आधी फोन करून विचारायचं, दारात जाऊन नाही. खोलीत गेल्यावर पलंगाखालच्या फटी बंद करून मगच सोडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनला. एसी चालू, गाडीत एक माणूस कायम बसून.

मामा : म्हणजे वडापाव खायला दोघांनी मिळून उतरायचं नाही.

भाची : नाही.

मामांनी पाठकोऱ्या कागदावर वेळा लिहून घेतल्या. कालव्याचं आवर्तन लिहावं तशा, डावीकडं तास आणि उजवीकडं ठिकाण. लिहिता लिहिता थांबले.

मामा : पोचल्यावर काय? पोरगा पाचव्या मजल्यावर राहतो.

भाची : बाल्कनीला जाळी आधीच लावून घ्यायला सांगा, मांजर पोचल्यावर नाही. सुरुवातीला एकच खोली. गोधडी, घंगाळ, पाट, खाण्याची ताटली, सगळं जुनं, तिथं आधी मांडायचं. खाऊ-पिऊ लागलं, अंग चाटू लागलं की दुसरी खोली. बाहेर सोडायचा प्रश्नच नाही.

मामा : हेच. हेच मला खटकतं. धरणावर ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पातळी चढली की आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. मांजर तसं आहे. मनात आलं की गेलं, मनात आलं की आलं. आंबेमोहराच्या कणगीभोवती या बोक्यानं किती उंदीर मारलेत ते तुला ठाऊक नाही. त्याला तू फरशीवर कोंडणार.

भाची : बोक्या आता कुठंवर जातो?

मामा : जातो की...

मामी (आतून) : पायरीपर्यंत. ऊन सरकेल तसा सरकतो. परवा तर पायरीही उतरला नाही.

भाची : त्याची कणगी आता ती पायरी आहे, मामा.

मामा : म्हातारं झालं की कोंडलेलं चालतं, असंच ना? आणि मला मांजराच्या रांगेत बसवू नकोस, मी माझ्याबद्दल बोलत नाहीये. मी विचारतोय, शक्ती नाही म्हणून जात नाही आणि दार बंद आहे म्हणून जात नाही, या दोन्हींत फरक आहे की नाही?

भाची : आहे. आणि तो मी पुसू शकत नाही. इथंही धोका आहे हे मात्र सांगते. हायवेच्या गाड्या या रस्त्यावरून वळायला लागल्यापासून भोरकडून दवाखान्यात येणारी मांजरं मी पाहते. तुमचा फरक खरा आहे, पण त्यासाठी मनीला घंगाळाशिवाय ठेवणं मला परवडत नाही.

याचा निकाल कुणी लावला नाही, मीही लावत नाही. मला विचाराल तर मामांचा प्रश्न भाचीच्या उत्तरापेक्षा मोठा आहे, आणि तरी मांजरं बंगळूरला जावीत. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

मामा : बरं, एक सांग. जन्मात कधी ट्रेमध्ये गेली नाही ती. शेवग्याखाली जाते, उकरते, झाकते. आता १५ व्या वर्षी प्लास्टिकच्या ताटात दगडी भुसा घालून तू म्हणणार, इथं जा?

भाची : आजच सुरू करायचं. बुटक्या काठाचा ट्रे, गुडघ्यांना त्रास नको म्हणून. आत परसातलीच माती. चार-सहा दिवसांनी त्यात मूठभर विकतची वाळू, मग दोन मुठी, असं वाढवत जायचं. निघायच्या वेळेला निम्मी माती, निम्मी वाळू. बंगळूरला पोचल्यावर माती संपेल तशी नुसती वाळू. तुम्हीच म्हणालात ना, पाणी चढतं त्या चालीनं.

मामा : किती माती लागेल?

भाची : एखादी बादली. कुठलीही, परसातली.

मामा : कुठलीही कशी? दारातली मुरमाची आहे, तिला ती कधी उकरत नाही. शेवग्याच्या पूर्वेकडची मऊ आहे. आणि एक बादली कशी पुरेल, दोन जनावरं, वर पहिल्या दिवशी तिकडं नवीन लागणार. दोन गोणी घेतो. टेम्पोत जागा आहे.